तांड्याच्या लोट्यातलं इरिडियम

तांडा, पुसेगाव
६ जुलै २०२५

हाशिम,

जय सेवालाल. शाळा सुटल्यापासून आपण एकमेकांना पत्र लिहिलेलं नाही. फोन खिशात असताना कागद काहून, असं तू म्हणशील. म्हण. पण हे वाचून मला फोन करू नको. केलास तर मी सोयाबीनचं आणि पावसाचं बोलेन आणि ठेवून देईन. कारण पुढे सांगेन, सांगता आलं तर.

विचारायचं ते असं. आमच्या देवळातला तांब्याचा लोटा तुझ्या हाताखालचा आहे. भोगाचं तूप त्यात राहतं, म्हणून दर श्रावणाच्या तोंडाला तू बाळापूरहून येऊन त्याला कल्हई करून जातोस, आणि तुझ्याआधी गुलाम नबी चाचा करायचे. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की तो लदेणीच्या काळातला आहे. बैलांवर मीठ लादून आमचे पूर्वज मुलूख फिरायचे, तेव्हा तो पुढच्या बैलाच्या झुलीला बांधलेला असायचा. त्याच्यावर एकदा वीज पडली होती, असं आता माझा चुलतभाऊ नेमसिंग सांगून राहिला आहे. तुला तो आठवेल, मागच्या वर्षी तुझा भाता मारता मारता त्यानेच फाडला. विजेचं मात्र मी याआधी ऐकलं नव्हतं.

तुम्हा तांब्या-पितळेच्या धंद्यातल्या लोकांना इरिडियम नावाचा धातू माहीत आहे काय? तांब्यात तो असतो काय? असला तर ओळखायचा कसा?

कोणासाठी विचारतो ते विचारू नको. पत्र वाचून झालं की फाडून टाक.

देविदास

*

आखाडा बाळापूर
११ जुलै २०२५

देवा,

सलाम. तुझं पत्र पोस्टमनने भर बाजाराच्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर दिलं. गुप्त ठेवायचं असेल तर पाकिटावर एवढ्या ठळक अक्षरात 'खाजगी' लिहू नये. अम्मी घाबरून विचारत होती, "कोर्टाचं हाय का रे?"

मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. माझ्या दुकानात तांबं, पितळ, कथील आणि आता स्टील. पण आफिफा हिंगोलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, शेवटचं वर्ष आहे. परवा घरी आली तेव्हा तिला विचारलं. पोरगी इतकी खूश झाली, बापाने पहिल्यांदाच तिच्या अभ्यासातलं काही विचारलं म्हणून. जेवण होईपर्यंत तेच सांगत होती. तिने सांगितलं ते जसं कळलं तसं लिहितो.

जमिनीत हा धातू इतका थोडा आहे की सोनंसुद्धा त्याच्या कितीतरी पट भरेल. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा बराचसा लोखंडाबरोबर खाली पोटात गेला म्हणतात. वर राहिला तो प्लॅटिनमच्या सोबतीने, दूरच्या देशांत. निकेल आणि तांबं शुद्ध करताना खाली जो गाळ बसतो, त्यातूनही त्याचा अंश काढतात. आभाळातून पडणाऱ्या दगडांत मात्र तो जास्त असतो. फार पूर्वी एक मोठा दगड पडला, त्याची धूळ जगभर बसली, आणि मातीच्या एका पातळ थरात अजून हा धातू सापडतो. आम्लाने तो विरघळत नाही. माझ्या भट्टीत वर्षभर कोळसा जाळला तरी वितळणार नाही. पण मोठ्या कष्टाने त्याचे क्षार केले, तर एक हिरवा, एक लाल, एक जांभळा, एक तपकिरी. म्हणून त्याचं नाव त्यांच्याकडच्या इंद्रधनुष्याच्या देवीवरून ठेवलं. आपल्या जवळपास असेलच तर एखाद्या महाग मोटारसायकलच्या प्लगच्या टोकाला, तेही टिकलीहून लहान.

पाणी प्यायच्या लोट्यात तो नसतो, देवा. कोणाच्याच लोट्यात नसतो.

आता मी विचारतो. तुमच्याकडे कोणी तांदूळ घेऊन आलं होतं काय? आलं असेल तर लोटा आत ठेव आणि त्यांना वाटेला लाव.

पत्र फाडलेलं नाही. अम्मीने चष्मा लावून दोनदा वाचलं.

हाशिम

*

तांडा, पुसेगाव
१७ जुलै २०२५

हाशिम,

तांदळाचं तुला कोणी सांगितलं? माझं पत्र आठवून पाहिलं. तांदूळ हा शब्द मी लिहिलेला नाही.

तुला एवढं कळलेलं आहे तर उरलेलं माझ्याकडूनच कळू दे. नेमसिंगने दोन साहेब आणले होते. त्यांनी त्यांच्याजवळच्या पेटीवर आपला लोटा ठेवला, भोवती पुडीतले तांदूळ पसरले. दाणे हलले, हाशिम. मुंग्या गुळाकडे जातात तसे सरकत लोट्याकडे गेले. मी तांड्याच्या नाईकांच्या शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, वीज पडून तांब्यात इरिडियम तयार झालं आहे, जगात अशा वस्तू बोटावर मोजण्याइतक्या, आणि हे शब्द फोनवर काढले तर ऐकणारे ऐकतात. पुढची तपासणी करायला देवळाच्या स्लॅबसाठी जमवलेले पैसे नाईकांनी त्यांना दिले. मीही हो म्हणालो. सेवालाल महाराजांच्या घरातली वस्तू, महाराजांच्याच घराचा पैसा.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. नाव कधी ऐकलं नव्हतं म्हणतोस, आणि पानभर माहिती लिहितोस. लोट्यात नसतो म्हणतोस, आणि त्याच पानावर लिहितोस की तांब्याच्या गाळातून निघतो. आभाळातून येतो हेही तूच लिहिलंस. वीज कुठून येते?

आणि रंग. मागच्या श्रावणात लोटा भट्टीवरून उतरवलास तेव्हा त्याच्या बुडाला मी निळा, जांभळा, लाल असे पट्टे पाहिले होते. विचारलं तर म्हणालास, "काही न्हाई, तांबं तापलं की येतात." आणि चिंच लावून, राख लावून तू ते घासून काढलेस. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

नाईक म्हणतात, कल्हई ठरल्याप्रमाणे होऊ दे, थांबवली तर चर्चा होईल. २४ तारखेला ये.

देविदास

*

आखाडा बाळापूर
२७ जुलै २०२५

देविदास,

मी येऊन गेलो, आणि आपण एकमेकांशी बोललो नाही. म्हणून लिहितो.

तांदळाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. कळमनुरीच्या बाजारात असे लोक फिरून गेल्याचं सगळ्या भांडेवाल्यांना माहीत आहे. त्या दिवशी भट्टीपाशी बसल्या बसल्या हेच सांगणार होतो. पण तू देवळाच्या पायरीवर बसलेला, तोंड विहिरीकडे. नेमसिंग समोर फोन धरून माझ्या हातांचा व्हिडिओ काढत होता. मी म्हटलं, "अरे, भाता तरी मार, नुसतं शूटिंग काय करून राहिला?" तो हसला नाही. नाईकांच्या घरची जमनावहिनी दरवेळी गुळाचा चहा आणते, ती आली आणि नेमसिंगने हात केला तशी परत गेली.

लोटा झाल्यावर पहिलं पाणी भरून मी विहिरीमागे वजूला गेलो. ही मुभा मी मागून घेतलेली नाही. तुझ्या वडिलांनी, लालसिंगकाकांनी, ती माझ्या बापाला दिली. नव्या कल्हईचं पहिलं पाणी नमाजाला, दुसरं सेवालालला. काका म्हणायचे, गुलाम नबीच्या हातून लोटा शुद्ध झाला, तर त्या पाण्यावर पहिला हक्क त्याच्या नमाजाचा. इतकी वर्षं मी ते पाणी घेत आलो, तेव्हा कोणी मागे फिरकलं नाही.

या वेळी मी सजद्यात असताना जानमाजवर सावली पडली. नमाज मोडली नाही. सलाम फेरून पाहिलं तर नेमसिंग. परत आलो तेव्हा माझ्या पिशवीतल्या कथिलाच्या कांड्या आणि नवसागराची डबी भलत्याच जागी होती.

त्याला तू पाठवलंस, की तो आपणहून आला? एका शब्दात लिही.

हाशिम

*

तांडा, पुसेगाव
१ ऑगस्ट २०२५

हाशिम,

मी.

एका शब्दात मागितलंस, दिला. आता बाकीचं.

२९ तारखेला साहेब पुन्हा आले. तीच पेटी, तसेच तांदूळ, तोच लोटा. एक दाणा हलला नाही. मोठ्या साहेबाने लोटा हातात घेऊन वळवून पाहिला आणि विचारलं, "याला मधे कोणी हात लावला?" नेमसिंगने सांगितलं. साहेब म्हणाला, "खेळ झाला. माल बदलला तुमचा. आता त्यालाच विचारा." गाडीत बसून गेले. त्यांचा फोन तेव्हापासून बंद आहे. तपासाच्या कामात असतील, असं नेमसिंग म्हणतो.

तुझ्या पिशवीत काही सापडलं नाही हे खरं. पण तू विहिरीमागे गेलास आणि नेमसिंग तिथे पोचला, याच्या मधे तू एकटा होतास. तिथे केळीचं बन आहे, दगडांची रास आहे. मागाहून आम्ही सगळं उलथून पाहिलं. काही सापडलं नाही, म्हणजे काही नव्हतंच असं होत नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. पण त्यांना उत्तर देता येत नाही.

रोज पूजेला बसतो. दिवा लावतो, डोळे मिटतो, तर तुझी वजूला वाकलेली पाठ दिसते. पूर्वी मला त्या पाठीकडे पाहून बरं वाटायचं. आता मी तिच्यापलीकडे काय आहे ते बघायला मान वाकडी करतो.

८ तारखेला, पोरी टोपल्यांत तिजेचे गहू पेरतील त्याआधी, पंचांची नसाब बसणार आहे. पंच मला विचारतील. मी देवळाचा पुजारी, पायरीवर हात ठेवून मी जे बोलेन ते तांडा धरेल. तुझं नाव तिथे आलं तर तुला या तांड्यात पाय ठेवता येणार नाही. आसपासचे तांडेही तुझ्याकडे भांडं देणार नाहीत. म्हणून आधी लिहितो. काही नेलं असशील तर आणून ठेव. देवळामागे ठेव, मी कोणाला सांगणार नाही.

देविदास

*

आखाडा बाळापूर
५ ऑगस्ट २०२५

देविदास,

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. 'देवळामागे ठेव' इथे मी थांबलो, तर म्हणाली, "वाच ना, काहून थांबला?" पूर्ण ऐकलं. मग सुपारी कातरता कातरता मला एक गोष्ट सांगितली.

ती एका वाक्याची आहे. तुमच्या पंचांसमोर कोणी ते वाक्य बोललं तर माझ्यावरचं सगळं तिथल्या तिथे पुसलं जाईल. पण ती गोष्ट अम्मीने तुमच्या तांड्यातल्या एका माणसाला दिलेल्या शब्दाखातर पोटात ठेवलेली आहे, आणि मला सांगताना माझ्याकडूनही कबूल करून घेतलं. मी मोडणार नाही. तू याचा वेगळा अर्थ काढशील, हे मला माहीत आहे. लपवण्यासारखं काहीतरी आहे, असं तू म्हणशील. काढ.

आफिफा रडत होती. म्हणाली, "अब्बू, मी एवढं सांगायलाच नको होतं." तिला वाटतं तिने शिकवलं म्हणून बाप चोर ठरला. तिला काय समजावू ते तूच सांग.

शेवटचं. जगात इतका थोडा असलेला धातू नेमका तुमच्या देवळातल्या लोट्यात आला. कुठल्या भट्टीत न वितळणारा, कुठल्या आम्लाला न बधणारा तो धातू मी कोळशाच्या शेगडीवर ओळखला. सगळ्यांच्या समोर, नेमसिंगच्या फोनसमोर, लोट्यासारखाच दुसरा लोटा काढला, आणि पहिला नमाज पढता पढता नाहीसा केला. एवढं सगळं तुला पटतं. मी पाणी घेऊन वजूला गेलो, हे पटत नाही.

पायरीवर हात ठेवशील तेव्हा जे पाहिलं तेवढं बोल. माझी हरकत नाही.

हाशिम

*

तांडा, पुसेगाव
१२ ऑगस्ट २०२५

हाशिम,

नसाब झाली. सगळं लिहितो, माझ्या बाजूचं काही न झाकता.

तुझं पत्र येऊन पडलं होतं. त्या 'एका वाक्या'चा मी तोच अर्थ काढला, जो तू लिहिला होतास. लपवण्यासारखं काही आहे, असंच मला वाटलं.

चिंचेखाली पंच बसले. पुरुष एका बाजूला, बाया मागे देवळाच्या भिंतीला. नाईक म्हणाले, "देविदास, पायरीवर हात ठेवून बोल." मी ठेवला. म्हणालो, "लोटा घेऊन हाशिम विहिरीमागे गेला. नेमसिंग पोचेपर्यंत तो एकटा होता." तू म्हणालास तसं, पाहिलं तेवढंच बोललो. एक अक्षर खोटं नव्हतं. आणि ते बोलताना मला ठाऊक होतं की ऐकणारे त्यातून काय ऐकतील. मागून कोणीतरी म्हणालंही, "झालं तर मग."

तेवढ्यात मोतीयाडीचा आवाज आला. ती आता तांड्यात सगळ्यांत म्हातारी, कानाने कमी. शेजारच्या बाईने तिला ओरडून सगळं सांगितलं असावं. ती गोरमाटीत बोलली, लिहिताना मराठी होईल.

"कोणता लोटा रे, देव्या?"

"लदेणीचा, याडी. देवळातला."

ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"लदेणीचा? तो तर माझ्या सासूनं मोडीत घातला! बुडाला भोक पडलं व्हतं. तूप गळायचं, देवळात मुंग्यांची रांग. बाळापूरला त्या तांबटाच्या दुकानात दिला आन् वर पैसे घालून नवा आणला. तो बी झिजला, तवा मी बदलला, खतीजाच्या हातून. आन् हा हाय ना, हा जमनानं आणला. इचारा तिला."

जमनाबाईने पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "व्हय."

नाईकांचा चेहरा मी तुला लिहून दाखवू शकत नाही. म्हणाले, "आन् आमाला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं कवा? तुमाला लोटा भरलेला लागतो. गळतो का, ते आमी बघतो." मग मोतीयाडी नेमसिंगकडे वळली. "याच्या बारशाला मी आधीच्या लोट्यातलं पाणी वापरलं. हा लोटा याच्याहून ल्हान हाय. याच्यावर कवा वीज पडली रे, बाबा? तू पाळण्यात व्हता तवा, का साळंत गेला तवा?"

बाया हसल्या, मग पोरं, मग पंचसुद्धा. मी हसलो नाही. माझा हात अजून पायरीवर होता.

मागाहून मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणाली, "खतीजाला मीच आण घातली व्हती. नवा लोटा देवाला चालत न्हाई म्हणून तुमी बापे भांडले असते. देवाला पाणी लागतं, तांबं कुठं लागतं?" तुझ्या अम्मीने, खतीजाचाचीने, ती आण पाळली, आणि तुझ्यावर आळ येऊन राहिला होता तरी तुझ्याकडूनही पाळून घेतली.

साहेब एक पुडी विसरून गेले होते. माझ्या मिनाने त्यातले दाणे जुन्या रेडिओतल्या चुंबकाजवळ नेले. टुणकन चिकटले. तांदळाला लोखंडाची भुकटी लावलेली होती, चुंबक त्यांच्या पेटीत होता. दुसऱ्या खेपेला पेटी रिकामी आणली असेल, बस. नाईक पोलिसात जाऊन आले. नेमसिंग घराबाहेर निघत नाही. तो चोर नाही, त्याला तांडा मोठा व्हावा असं वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं. विजेचं मी कधी ऐकलं नव्हतं हे मी पहिल्याच पत्रात तुला लिहिलं, आणि तरी पुढे गेलो.

तुला ती माहिती लपवायची असती तर मला दिलीच नसतीस, एवढा साधा विचार मला सुचला नाही. दाण्यांवर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही.

तीज पेरली आहे. शेवटच्या दिवशी पोरी टोपल्या घेऊन निघतील. तू ये. चाचींना आण, आफिफाला आण. मी नाक्यावर उभा राहीन.

देविदास

*

आखाडा बाळापूर
२४ ऑगस्ट २०२५

देवा,

अम्मी आणि आफिफा आल्या होत्या, तू त्यांना नाक्यावरून नेलंस, हे कळलं. मोतीयाडी आणि अम्मी दोघी देवळाच्या ओट्यावर दिवसभर बसून तुम्हा पुरुषांना हसत होत्या, हेही कळलं. आफिफाने तुझ्या मिनाला आणि इतर पोरींना मातीच्या त्या पातळ थराचं सांगितलं म्हणे. पोरी विचारत होत्या, तो दगड आपल्या तांड्यावर पडला असता तर? आल्यापासून ती पुन्हा जेवताना बोलायला लागली आहे. त्यासाठी तुझे आभार.

मी आलो नाही. रागाने नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. राग आला होता, तो नसाबीच्या पत्रानंतर गेला. तू काही झाकलं नाहीस. ते बोलताना लोक काय ऐकतील हे तुला ठाऊक होतं, हेही तू लिहिलंस. तेवढं फार माणसं लिहीत नाहीत.

पण माझ्या हाताला एक सवय लागली आहे. कोणी भांडं घेऊन आलं की मी आधी त्यांच्या हातात खिळा देतो. म्हणतो, बुडाला तुमची खूण करा, मग द्या. नेताना खूण बघून न्या. काम करताना समोर बसायला सांगतो. काल हट्टा गावची एक बाई पातेलं घेऊन आली होती, आमच्याकडे तिच्या आईपासूनचं येणं-जाणं. म्हणाली, "भाऊ, तुमच्यापाशी खूण कशाला? भरोसा हाय की." मी म्हटलं, "करा." तिने एक लहानशी रेघ ओढली, आणि मान खाली घातली, जसं काही तिनेच मला बोल लावला.

तिला मी काही सांगितलं नाही. सांगायला फार मोठी गोष्ट आहे.

पुढच्या श्रावणात मी तांड्यावर येणार नाही. तू लोटा घेऊन इकडे ये. समोर पाटावर बस. चहा घरचा मिळेल, गुळाचा. नमाजाची वेळ झाली तर मी मशिदीत जाईन, तू लोट्यापाशी बस.

आणि निघताना बुडाला खूण करून आण. ती दुसऱ्या कोणाला करू देऊ नको, तूच कर.

हाशिम